दुर्मीळ स्केच घ्यावं की चांगलं?

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे ठाण्याचे, सध्या नोकरीनिमित्त न्यू जर्सीत. ऑक्टोबरात न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या मोठ्या मेळाव्याला जायचा त्यांचा बेत आहे. पैसे मोजके आहेत आणि पर्याय दोन. एका विक्रेत्याकडे एका दिवंगत चित्रकाराचं पेन्सिल स्केच आहे. जुन्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला चारपाच मिनिटांत काढलेलं नुसतं डोकं, खाली सही. हा चित्रकार चाहत्यांना क्वचितच काही काढून देत असे. तेवढ्याच पैशांत, तिथे दरवर्षी टेबल लावणारा दुसरा एक चित्रकार अकरा बाय सतरा इंची ब्रिस्टल बोर्डावर, म्हणजे जाड गुळगुळीत चित्रकागदावर, शाईत पूर्णाकृती चित्र करून देईल, मागच्या देखाव्यासकट. ते विचारतात, "पहिलं पुन्हा मिळणार नाही, दुसरं कधीही मिळेल. मग पहिलंच घ्यायला हवं ना?"

माझं उत्तर आधी सांगतो. ज्या गोष्टीसाठी त्या चित्रकाराचं नाव आहे, ती गोष्ट त्या कागदावर दिसते का, हे पहिल्यांदा बघा. दिसत असेल तर दुर्मीळपणासाठी चार पैसे जास्त मोजायला काहीच हरकत नाही. दिसत नसेल तर तुम्ही चित्राच्या नावाखाली सही विकत घेताय, आणि सहीचा भाव वेगळा असतो. एखाद्याची किती स्केचेस जगात आहेत या आकड्यापेक्षा त्याची किती चांगली स्केचेस आहेत, हा आकडा महत्त्वाचा. कमी काढणाऱ्यांच्या बाबतीत हे दोन आकडे एकच आहेत असं नवा संग्राहक धरून चालतो आणि तिथेच पैसे अडकतात.

स्टीव्ह डिटकोचं उदाहरण घेऊ. १९६२ साली स्पायडरमॅनला त्याचं पहिलं रूप देणारा आणि १९६३ साली डॉक्टर स्ट्रेंज आणणारा हा माणूस २०१८ साली गेला. त्याने आयुष्यातली अनेक दशकं मुलाखती दिल्या नाहीत, कॉमिक कॉनच्या वाटेला तो गेला नाही, चाहत्यांसाठी टेबलावर बसून चित्रं काढली नाहीत. पत्रांना मात्र उत्तरं द्यायचा. त्यामुळे डिटकोची सही असलेलं पत्र अधूनमधून बाजारात येतं, चाहत्याला दिलेलं चित्र जवळपास येतच नाही. आता डिटको म्हणजे काय, हे स्वतःला विचारा. डिटको म्हणजे हात. जाळं सोडताना दुमडलेली मधली दोन बोटं, डॉक्टर स्ट्रेंजच्या मंत्र घालणाऱ्या बोटांच्या मुद्रा, भीतीने ताठरलेले पंजे. अंग वाकवून बसलेली आकृती आणि तिचे बोलके हात यांत तो सगळा आला. म्हणून उद्या कुणी त्याचं नुसत्या मुखवट्याचं स्केच दाखवलं आणि ते अस्सल आहे हेही सिद्ध केलं, तरी मी विचारणार, यात हात कुठे आहेत? मुखवट्याचं अंडं आणि त्यावरची जाळी कुणीही काढतो.

याउलट सर्जिओ अरागोनेस. 'मॅड' या अमेरिकन विनोदी मासिकाच्या समासांत इवली इवली चित्रं भरणारा, 'ग्रू' या विनोदी कॉमिकचा जनक. त्याच्या हाताचा वेग दंतकथेसारखा सांगितला जातो आणि कॉनमध्ये त्याने वर्षानुवर्षं लोकांना चित्रं काढून दिली आहेत. दुर्मीळतेच्या तराजूत त्याचं स्केच हलकं भरेल. पण त्याची खुबी वेगात आणि हालचालीतच आहे, त्यामुळे दोन मिनिटांच्या चित्रातही तो पुरता उतरतो. ग्रूचं ते बटाट्यासारखं नाक, धावताना मागे पडणारी धूळ, काठावर उगाच बसलेला कुत्रा. असं स्केच समोर आलं तर मी ते आनंदाने घेईन आणि ते विपुल आहे याची मला अजिबात खंत वाटणार नाही.

दुर्मीळतेचे प्रकारही नीट ओळखावे लागतात, कारण विक्रेते ते सगळे एकाच शब्दात गुंडाळतात. एक प्रकार म्हणजे चित्रकाराने काढलंच कमी. 'रॉकेटियर' या कॉमिकवाला डेव्ह स्टीव्हन्स असा होता. हळू काम करणारा, स्वतःच्या रेघेबद्दल अतिशय चोखंदळ, २००८ साली अकाली गेला. त्याच्या बाबतीत कमी काढणं आणि चांगलं काढणं या एकाच स्वभावाच्या दोन बाजू आहेत, म्हणून तिथे दुर्मीळतेला मान द्यायलाच हवा. दुसरा प्रकार म्हणजे काढलं खूप, पण टिकलं नाही. अमेरिकन प्रकाशक मूळ पानं चित्रकारांना परत देऊ लागले ते सत्तरच्या दशकात. त्याआधीची कितीतरी पानं वाटली गेली, हरवली, फाडून टाकली गेली. तिसरा प्रकार म्हणजे स्केचेस भरपूर आहेत, पण ज्यांच्याकडे आहेत ते सोडत नाहीत. आणि चौथा, ज्यापासून मी लोकांना सतत सावध करतो: "या चित्रकाराने हे पात्र काढलेलं हे एकमेव स्केच." एकमेव असेल, खरंच असेल. पण त्याने ते पात्र पुन्हा काढलं नाही कारण त्याला ते जमत नव्हतं किंवा कुणाला नको होतं. विरळा असणं आणि हवंसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाव हवंसं असण्याला मिळतो.

आणखी एक गोष्ट. दुर्मीळपणा एका रात्रीत पातळ होऊ शकतो. बिल वॉटरसनने १९९५च्या अखेरीस 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही आपली वर्तमानपत्री चित्रपट्टी थांबवली आणि तो लोकांपासून दूर गेला. त्याच्या नव्या रेघेची कुणी आशाही धरत नव्हतं. २०१४ साली त्याने स्टीफन पॅस्टिसच्या 'पर्ल्स बिफोर स्वाइन' या चित्रमालिकेत गुपचूप तीन पट्ट्यांत काम केलं आणि त्या पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी लिलावात गेल्या. तिथे आकडा तीनच होता, म्हणून बाजार हलला नाही. पण 'हेलबॉय' या कॉमिकवाल्या माइक मिन्योलाचं २०२० बघा. टाळेबंदीत घरी बसून त्याने एकामागून एक पेन्सिल चित्रं काढली, ती समाजमाध्यमांवर टाकली, त्यातली बरीच मदतनिधीसाठी लिलावात गेली आणि त्याच वर्षी त्यांचं पुस्तकही निघालं. त्याआधी "मिन्योलाचं काहीतरी हवंच" म्हणून ज्यांनी नव्वदच्या दशकातला घाईचा एखादा चेहरा चढ्या भावाने घेतला होता, त्यांच्यासमोर अचानक त्याच हाताची नवी, निवांतपणे काढलेली चित्रं आली. ज्यांच्याकडे आधीपासून त्याचं चांगलं काम होतं, काळ्या शाईच्या मोठ्या सपाट डागांतून उभी राहिलेली आकृती, त्यांना काहीच फरक पडला नाही. चित्रकाराच्या पश्चात घरच्यांनी कपाटातल्या वह्या बाहेर काढल्या की हेच घडतं. दर्जा मात्र कुणाच्या कपाटातून काय निघेल यावर अवलंबून नसतो.

कागदाची अवस्था म्हणजे दर्जा, अशीही गल्लत होते. टिनटिनचा जनक एर्जे याने १९३६ साली 'ब्लू लोटस' या टिनटिनच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी केलेलं एक चित्र वापरलं गेलं नाही. ते घडी घालून ठेवलं गेलं होतं आणि घड्यांच्या खुणा आजही त्यावर स्पष्ट आहेत. २०२१ साली पॅरिसच्या लिलावात त्याला सुमारे ३२ लाख युरो मिळाले. काळ्या पार्श्वभूमीवरचा तो लाल ड्रॅगन आणि मोठ्या कलशातून डोकावणारा टिनटिन बघताना घडीकडे लक्ष जात नाही. हे स्केच नव्हे, पूर्ण रंगवलेलं चित्र आहे, हे खरं. पण रेघ भक्कम असेल तर सुरकुती, पिवळेपणा, कोपऱ्यातला पिनेचा गंज मी पोटात घालतो. रेघ ढिली असेल तर कोराकरकरीत कागदही कामाचा नाही.

आता रेघ बघायची कशी? एकाच चित्रकाराची दोन स्केचेस शेजारी ठेवून बघा, एकटं चित्र बघून नजर तयार होत नाही. लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी आणि संग्राहकांच्या ऑनलाइन गॅलऱ्या यासाठीच असतात. समजा दोन्ही बॅटमॅनची छातीपर्यंतची चित्रं आहेत, दोन्ही ब्रशपेनने काढलेली. पहिल्यात झग्याची रेघ खांद्यावरून निघते, वळणावर जाड होते आणि खाली जाता जाता केसासारखी बारीक होऊन संपते. एका श्वासात ओढलेली आहे, कुठे थांबलेली नाही. जबड्याखालची सावली एकाच डागाची, आणि त्या डागाच्या कडेला ब्रश कोरडा पडल्याने कागदाचा पोत दिसतो. खाली पेन्सिलच्या दोनतीन हलक्या रेघा राहिल्यात, डोकं किती कललं आहे हे ठरवण्यापुरत्या. दुसऱ्यात झग्याची रेघ तीन तुकड्यांत आहे, जाडी सगळीकडे सारखी. डोळे वेगवेगळ्या उंचीवर आलेत आणि ते झाकायला भुवयांवर काळं जास्त ओतलंय. छातीवरचं चिन्ह शरीराच्या वळणाबरोबर वळत नाही, कागदावर चिकटवल्यासारखं सपाट बसलंय. सही दोन्हींखाली तितकीच झोकदार. पहिलं शुक्रवारी सकाळी काढलेलं असतं, दुसरं रविवारी दुपारी, हात दुखायला लागल्यावर. विक्रेत्याच्या यादीत मात्र दोन्हींचं वर्णन एका ओळीत संपतं: चित्रकार, पात्र, माध्यम, आकार.

म्हणून जिवंत, काम करणाऱ्या चित्रकाराकडून काढून घेणार असाल तर पहिल्या दिवशी दार उघडताच यादीत नाव घाला. त्याने जे पात्र वर्षानुवर्षं जगवलंय किंवा जे त्याला मनापासून आवडतं तेच मागा. त्याचं मन नसलेलं पात्र मागून "एकमेव" नमुना मिळवण्याच्या फंदात पडू नका. आणि जमलं तर "तुम्हाला आज काय काढावंसं वाटतंय?" असं विचारा. मी पाहिलेली सर्वांत चांगली कमिशन्स, म्हणजे पैसे देऊन सांगून काढून घेतलेली चित्रं, या प्रश्नातून आली आहेत.

खोट्या मालाचा विषय दुर्मीळतेशी थेट जोडलेला आहे. दर आठवड्याला ज्याचं स्केच मिळतं त्याची नक्कल करून फारसं कुणाच्या हाती काही लागत नाही, शिवाय चित्रकार स्वतः सांगायला हजर असतो. ज्याने कमी काढलं, जो हयात नाही आणि ज्याचं पात्र चार रेघांत ओळखू येतं, त्याच्या नकला मात्र सर्वांत जास्त. 'पीनट्स'वाल्या चार्ल्स शुल्झच्या स्नूपी या कुत्र्याची खोटी स्केचेस किती फिरतात याला गणती नाही. तिथे एक गोष्ट उपयोगी पडते. १९८१ साली शुल्झवर हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या काळात त्याच्या हाताला कंप आला. नव्वदच्या दशकातल्या त्याच्या रेघेत ती थरथर स्पष्ट दिसते. म्हणजे १९९६ सालची तारीख घातलेला आणि गुळगुळीत, ठणठणीत रेघेचा स्नूपी समोर आला तर हात आखडता घ्या. नक्कल करणारा बहुधा मूळ चित्र खाली ठेवून उजेडावर गिरवतो, म्हणून त्याची रेघ हळू असते. वळणावर थबकते, सुरुवातीला आणि शेवटी शाईचा बारीक ठिपका राहतो. विक्रेत्याने दिलेलं प्रमाणपत्र विक्रेत्याच्या शब्दाइतकंच भक्कम, त्याहून जास्त नाही.

"अमुकला सप्रेम" असं नाव घालून दिलेलं स्केच पुनर्विक्रीत थोडं खाली जातं, म्हणून बरेच जण नाव घालू देत नाहीत. माझं मत वेगळं आहे. दुर्मीळ हातांच्या बाबतीत ते नावच पुरावा असतं. ते नाव कुणाचं, त्या माणसाची आणि चित्रकाराची भेट कुठे झाली, तेव्हाचा एखादा फोटो आहे का, अशी साखळी जुळत गेली की माझा जीव भांड्यात पडतो. फ्रान्स-बेल्जियममध्ये अल्बम, म्हणजे कॉमिकचं पुस्तक, विकत घेतल्यावर चित्रकार आतल्या पानावर फुकट चित्र काढून देतो, आणि ते लगेच बाजारात जाऊ नये म्हणून मुद्दाम नाव विचारून लिहितो. तिथले संग्राहक नावाला अजिबात बुजत नाहीत.

आपल्याकडे हाच प्रश्न घरातून येतो. आजोबांच्या फायलीत आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन सापडतो, गोव्याहून आणलेलं मारिओ मिरांडांचं चित्र भिंतीवर असतं, वसंत सरवट्यांनी कुणाच्या पुस्तकावर काढून दिलेली चार रेघांची आकृती असते. इथली दुर्मीळता बहुतेक दुसऱ्या प्रकारची: काढलं उदंड, पण मूळ कागद छापखान्यात, कार्यालयात नाहीतर माळ्यावर संपले. त्यामुळे जे उरलंय ते सांभाळाच. पण विकत घेताना कसोटी तीच. मारिओ म्हणजे गर्दी, बाल्कन्या, टपोरे डोळे आणि प्रत्येक इंचात काहीतरी चाललेलं. एका कोपऱ्यातला एकटा चेहरा कितीही अस्सल असला तरी त्यात मारिओ थोडाच येतो. शिवाय मारिओंच्या चित्रांच्या प्रती भरपूर छापल्या आणि विकल्या गेल्या आहेत, त्यामुळे भिंग लावून छपाईचे ठिपके आधी बघावेत. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर दिवाळीत पुण्याच्या नळस्टॉप चौकात उभे राहून वाहतुकीच्या नियमांवरची शुभेच्छापत्रं वाटत. ती छापील आहेत, पण ज्याला ती त्यांच्या हातून मिळाली त्याने ती जपलीच पाहिजेत. फक्त मूळ चित्र म्हणून कुणी विकायला आणली तर घेऊ नका. लक्ष्मण यांच्या बाबतीत मी कोटाच्या चौकटी बघतो. चांगल्या चित्रात त्या चौकटी पाठीच्या बाकाबरोबर वाकतात, बाहीवर दिशा बदलतात. आणि त्यांचे कावळे! कुणाकडे लक्ष्मण यांनी शाईत काढलेला कावळा असेल आणि तो विकायचा असेल तर कॉमन मॅनच्या घाईच्या चेहऱ्यापेक्षा मी तो आधी बघायला जाईन, कारण कावळा ते स्वतःच्या आनंदासाठी काढत.

ज्यांचं पूर्ण चित्र खिशाला परवडत नाही अशा दुर्मीळ हातांसाठी एक वाट सुचवतो. कच्चे आराखडे शोधा. पान किंवा मुखपृष्ठ काढण्याआधी चित्रकार पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रचना ठरवतो: आकृती कुठे, काळं कुठे, नजर कुठून कुठे जाईल. हे कागद बरेच लोक अर्धवट म्हणून बाजूला ठेवतात. त्यात चाहत्याला खूष करायची घाई नसते, तो माणूस विचार करताना सापडतो. चाहत्यासाठी घाईत काढलेल्या डोक्यापेक्षा छापल्या गेलेल्या मुखपृष्ठाचा चांगला आराखडा मला केव्हाही जास्त मोलाचा वाटतो, आणि पुष्कळदा तो स्वस्तात मिळतो.

माध्यमाबद्दल थोडक्यात. पेन्सिल आणि भारतीय शाई (इंडिया इंक) टिकतात. अल्कोहोल मार्करचे रंग उजेडाने उडतात, साध्या मार्करची काळी रेघ वर्षांनी कडेला पिवळट पसरते. कॉमिकच्या कोऱ्या मुखपृष्ठावर काढून घ्यायची सध्या मोठी हौस आहे, पण त्या कागदावर ब्रश नीट चालत नाही आणि जागाही अपुरी. शक्य असेल तर चांगला बोर्ड द्या. मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्यात बुरशी हा खरा शत्रू. आम्लमुक्त कागदात, सपाट, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, आणि भिंतीवर लावायचंच असेल तर अतिनील किरण अडवणारी काच वापरा.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे येतो. त्या पेन्सिल डोक्याचा मोठा, स्वच्छ फोटो विक्रेत्याकडून मागवा आणि त्याच चित्रकाराच्या दहाबारा ज्ञात चित्रांशेजारी ठेवा. ते मूळ कुणाला दिलं होतं, कधी, कुठे, हे विचारा. चेहऱ्यात त्या हाताची ओळख असेल, म्हणजे सही झाकूनही तुम्ही किंवा एखादा जाणकार चित्रकाराचं नाव सांगू शकत असाल, आणि ते कुणाकुणाकडून आलं याची साखळी पक्की असेल, तर ते घ्या. कार्यक्रमपत्रिकेचा कागद, लहान आकार, काही अडचण नाही. सही झाकल्यावर ते कुणाचंही वाटत असेल तर सोडून द्या, विक्रेता किंमत निम्म्यावर आणायला तयार झाला तरीही. अशी स्केचेस विकायला काढली की गिऱ्हाईक पहिलं वाक्य "याचं दुसरं आहे का?" असंच विचारतं.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनात "नुसतं डोकं" आणि "चारपाच मिनिटांत" हे शब्द आहेत, चित्राबद्दल मात्र एकही शब्द नाही. ते किती विरळा आहे हे तुम्ही चार ओळींत सांगितलंत, ते कसं आहे हे सांगितलं नाहीत. दुसऱ्या चित्रकाराबद्दल लिहिताना मात्र तुम्ही त्याच्या पावसाचा उल्लेख केलात, इमारतींच्या कडांवरून तो पाणी कसं उतरवतो त्याचा. त्यावरून माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे. कॉनच्या दोनतीन आठवडे आधी त्याच्या यादीबद्दल चौकशी करा, कारण अकरा बाय सतराचं शाईकाम तो टेबलावर न करता आधी घरी करून आणणं पसंत करेल आणि ते तुमच्याही फायद्याचं आहे. रात्रीचं शहर आणि पाऊस मागा, पात्र त्याला निवडू द्या. ब्रशने करा म्हणावं, मार्करने नको. आणि चित्र घरी आणायला कडक पुठ्ठ्याचं पोर्टफोलिओ सोबत न्या, गुंडाळी करून नळीत घालू नका.